स्काऊट पथकाचा पैसा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउन्सी नावाचं एक छोटं बेट आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी तिथे वीसेक मुलांचं शिबिर भरवलं आणि स्काऊट चळवळीचा इतिहास तिथून मोजला जाऊ लागला. त्या शिबिरातल्या तंबूंबद्दल, शेकोटीबद्दल, माग काढण्याच्या खेळांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच्या हिशेबाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. फीचे दोन दर होते. महागड्या खासगी शाळांतल्या मुलांकडून एक पौंड घेतला गेला, बाकीच्यांकडून साडेतीन शिलिंग. तेव्हाचा पौंड वीस शिलिंगांचा, म्हणजे कामकरी घरातल्या मुलाने भरली ती रक्कम श्रीमंताच्या मुलाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी होती. मुलं मात्र सगळी सारख्याच तंबूंत झोपली आणि एकाच भांड्यातलं जेवली. शिबिर संपल्यावर हिशेब केला तेव्हा २४ पौंडांहून थोडी जास्त तूट निघाली. सॅक्सन नोबल नावाच्या गृहस्थांनी ती भरून काढली. त्यांची दोन मुलं त्या शिबिरात होती.

म्हणजे जगातलं पहिलं स्काऊट शिबिर तोट्यात गेलं आणि एका सधन पालकाने ते सावरलं. त्या हिशेबातला पहिला भाग, ऐपतीप्रमाणे फी, प्रत्येक पथकाने उचलावा असा आहे. दुसरा भाग, म्हणजे तूट आल्यावर कोणाकडे तरी बघायचं, हा मात्र टाळायला हवा. आपल्या शाळांमधून चालणाऱ्या शेकडो पथकांचा अनुभव नेमका उलटा आहे. फी सगळ्यांना एकच असते आणि कमी पडलं की स्काऊट मास्तर नाहीतर गाईड कॅप्टन खिशात हात घालतात.

ही पदरमोड करणाऱ्या शिक्षकांबद्दल मला अतिशय आदर आहे. आपल्या राज्यात ही चळवळ गावोगावी टिकली ती त्यांच्यामुळेच. पण पदरमोडीचा एक तोटा असा की शिबिराचा खरा खर्च किती, हे कुणालाच कळत नाही. दोर सरांनी आणले, औषधांची पेटी बाईंनी भरली, टेम्पोचं भाडं कुणीतरी परस्पर दिलं. यातलं काहीच वहीत येत नाही. पुढच्या वर्षी सरांची बदली होते, नवे सर जुनी वही उघडतात आणि त्या आकड्यांवर शिबिर ठरवून तोंडघशी पडतात. खर्च कोणी का केलेला असेना, तो वहीत यायलाच हवा. सरांना पैसे परत नको असतील तर तेवढी रक्कम त्यांची देणगी म्हणून जमेला धरावी आणि खर्चालाही दाखवावी. वहीत शिल्लक तीच राहते, खरा खर्च मात्र दिसू लागतो.

पैशाची ही शिस्त आपल्या चळवळीला परकी नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही तिच्यात आल्या. तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त पंडित हृदयनाथ कुंझरू. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. बेताच्या मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करायचं, ही त्या समाजाची शिस्त. स्काऊटच्या नियमांमध्येही काटकसरीचा एक स्वतंत्र नियम आहे, नऊपैकी आठवा. मुलं तो प्रार्थनेच्या वेळी म्हणतात. पण काटकसर शिकायची तर हातात खर्च करायला पैसा आणि समोर हिशेबाची वही लागते. नुसतं म्हणून ती येत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पथकाचं अंदाजपत्रक मुलांनी मांडावं. मोठ्यांनी ते तपासावं, चुका दाखवाव्यात, बँकेची आणि कायद्याची बाजू सांभाळावी, पण आकडे मुलांच्या हातचे असावेत. स्काऊटची रचना त्यासाठी तयारच आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा संघनायक, आणि सगळे संघनायक बसतात ती मानसभा. बऱ्याच पथकांत मानसभेपुढे शिस्तीचे आणि कार्यक्रमाचे विषय येतात, पैशाचा विषय येत नाही. तो यायला हवा.

अंदाजपत्रक म्हणजे काय, हे सातवी-आठवीच्या मुलांना समजावायला एक शिबिर पुरतं. चोवीस स्काऊट आणि दोन शिक्षक असं पथक धरा. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी जेवून परतायचं. इथले आकडे उदाहरणापुरते आहेत. आपापल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने ते बदलून घ्यावेत.

सुरुवात ताटांपासून करायची. शुक्रवारचं रात्रीचं, शनिवारची दोन आणि रविवारचं दुपारचं, अशी चार जेवणं आणि दोन नाश्ते. सव्वीस माणसं गुणिले चार, म्हणजे १०४ ताटं. एका ताटाला शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर साडेदहा किलो, चाळीस ग्रॅम डाळ धरली तर सव्वाचार किलोच्या आसपास. इथे मुलांना पहिला धक्का बसतो. अंदाजाने बोलताना कोणी ‘पंचवीस किलो तांदूळ लागेल’ म्हणालेलं असतं. मग एका संघाने घरी आईला विचारून यायचं, एका संघाने किराणा दुकानात जाऊन भाव लिहून आणायचे, एकाने भाजी मंडईतले. तीन दुकानांचे भाव तीन रकान्यांत लिहिले की त्यांतला फरक मुलांना आपोआप दिसतो. या चौकशीत जे शिक्षण होतं ते गणिताच्या तासाला होत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

समजा, चौकशीअंती दोन नाश्ते, चार जेवणं, चहा-दूध आणि गॅस मिळून माणशी २८० रुपये आले. शिबिराच्या जागेचं भाडं माणशी रोज ५० प्रमाणे दोन रात्रींचे १००. हा झाला माणसागणिक वाढणारा खर्च, ३८० रुपये. सव्वीस माणसांचे ९,८८०. दुसऱ्या बाजूला असे खर्च, जे माणसं किती आली यावर अवलंबून नसतात. बसचे ९,०००, दोर-काठ्या आणि कार्यक्रमाच्या साहित्याचे १,५००, प्रथमोपचार पेटीचे ६००. एकूण ११,१००. दोन्ही मिळून २०,९८०. त्यावर दहा टक्के अचानक येणाऱ्या खर्चासाठी, म्हणजे साधारण २,१००. बेरीज तेवीस हजारांच्या घरात. चोवीस मुलांत वाटली की प्रत्येकी ९६० रुपये.

बहुतेक पथकं इथे थांबतात, नोटीस काढतात आणि पैसे गोळा करायला लागतात. खरं गणित इथून पुढे आहे. ऐन वेळी आठ मुलं गळाली तर? कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाला ताप येतो. सोळा मुलांचे प्रत्येकी ९६० प्रमाणे १५,३६० रुपये जमतात. खर्च मात्र अठरा माणसांचे ६,८४० आणि बस-साहित्याचे ते ११,१०० कायमच, म्हणजे १७,९४०. राखीव रकमेतला एक रुपयाही न खर्चता २,५८० रुपयांचा खड्डा. आठ जणांचं जेवण वाचलं, पण त्यांची बसमधली जागा रिकामी जाऊनही तिचं भाडं द्यावंच लागलं. मुलांना हे एकदा वहीवर करून दाखवलं की पुढचा प्रश्न तीच विचारतात. किमान किती जण आले तर आपलं नुकसान होणार नाही? उत्तर काढता येतं. प्रत्येक मुलाच्या ९६० रुपयांतून त्याचे स्वतःचे ३८० गेले की ५८० उरतात. त्यांतून बस, साहित्य आणि दोन शिक्षकांचं जेवण-राहणं, असे ११,८६० भागवायचे आहेत. भागाकार केला की वीसच्या थोडं वर उत्तर येतं. म्हणजे एकवीस मुलांवर शिबिर निभावतं, विसांवर तोट्यात जातं. हा एकवीसचा आकडा मानसभेच्या फळ्यावर लिहून ठेवावा. बस ठरवायच्या आत एकवीस मुलांची फी आगाऊ जमली नसेल, तर छोटी गाडी करायची किंवा जवळची जागा निवडायची, हा निर्णय मुलंच घेतील.

बसवरून एक गोष्ट. शालेय सहलींसाठी एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर गाडी देतं, आणि त्यात शाळांना निम्म्या भाड्याची सवलत मिळत आली आहे. शाळेच्या पत्रावर मुख्याध्यापकांच्या सहीने आगारात अर्ज करावा लागतो. आपलं शिबिर त्या सवलतीत बसतं का, हे आगारात जाऊन आधी विचारून यावं. बसचा आकडा अर्ध्यावर आला तर फीमधून जवळजवळ दोनशे रुपये कमी होतात. इतकी मोठी बचत किराण्यात घासाघीस करून कधीच होत नाही.

शिबिराचं झालं. वर्षाचं अंदाजपत्रक याहून वेगळं असतं आणि ते जूनमध्ये, शाळा उघडताच मांडायला हवं. त्यात वार्षिक नोंदणी, बॅजेस, जिल्हा मेळावा, परीक्षा-शिबिरं, कागद-छपाई हे आलंच. हमखास विसरली जाते ती साहित्याची झीज. समजा, पथकाकडे चार तंबू आहेत आणि त्यांची किंमत प्रत्येकी चार हजार. ते पाच वर्षं टिकतील असं धरलं तर दरवर्षी ३,२०० रुपयांचा तंबू वापरून संपतो. ते पैसे आज कोणी मागत नाही म्हणून आपण बाजूला टाकत नाही. पाचव्या वर्षीच्या पावसात तंबू गळायला लागले की एकदम सोळा हजारांची गरज उभी राहते, आणि ती रक्कम त्या वर्षीच्या मुलांच्या पालकांवर येते. आधीच्या चार वर्षांतली मुलं त्याच तंबूंत फुकट झोपून गेलेली असतात. दरवर्षी थोडी रक्कम घसारा म्हणून वेगळी ठेवणं हाच यावरचा न्याय्य उपाय.

आता पैसा आणायचा कुठून? या प्रश्नाला स्काऊट चळवळीने दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे काम करून मिळवायचा. ब्रिटनमध्ये १९४९ साली, लॉर्ड रोवॅलन मुख्य स्काऊट असताना, ‘बॉब अ जॉब’ सप्ताह सुरू झाला. बॉब म्हणजे बोलीभाषेत एक शिलिंग. ईस्टरच्या सुट्टीत गणवेशातली मुलं घरोघर जात. बूट पॉलिश करणं, बागेतलं गवत काढणं, गाडी धुणं, कोळसा आत आणून टाकणं, जे काम मिळेल ते करत आणि शिलिंग घेत. जवळ एक कार्ड असे, त्यावर केलेलं काम आणि मिळालेले पैसे लिहिले जात. १९७१ साली चलन दशमान झालं आणि शिलिंग इतिहासजमा झाला, तेव्हा सप्ताहाचं नावही बदलावं लागलं. पुढे अनोळखी घरात मुलांना पाठवणं धोक्याचं वाटू लागलं आणि १९९० च्या दशकात ही प्रथा बंद पडली. २०१२ मध्ये ती वस्तीसाठी सामूहिक काम करण्याच्या स्वरूपात परत आली.

आपल्याकडे हीच कल्पना ‘खरी कमाई’ या नावाने रुजली आणि महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये ती आजही जोमात आहे. जुन्या पिढीतल्या कित्येकांना शेजारच्या काकूंचं दळण आणून दिल्याचं, सायकल पुसल्याचं, अंगण सारवल्याचं आठवत असेल. अलीकडे तिचं ठळक रूप म्हणजे शाळेच्या पटांगणावरचे खाद्यपदार्थांचे स्टॉल. भेळ, वडापाव, इडली, ताक, कोकम सरबत. मुलं पाट्या रंगवतात, ओरडून गिऱ्हाईक बोलावतात, मुख्याध्यापक फीत कापतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात ‘विद्यार्थ्यांनी केली इतक्या हजारांची उलाढाल’ अशी बातमी येते.

या बातमीबद्दल माझी तक्रार आहे. उलाढाल म्हणजे कमाई नव्हे. भेळेच्या एका स्टॉलचा हिशेब बघू. चुरमुरे, फरसाण, कांदा, बटाटा, चिंच-गूळ, कोथिंबीर, शेव आणि कागदी द्रोण मिळून एका प्लेटला १२ रुपये पडतात. विकायची २० ला. शंभर प्लेटचं सामान आणलं, १,२०० रुपयांचं. सगळ्या शंभर प्लेट खपल्या तर गल्ला २,००० आणि कमाई ८००. पण पाऊस आला, किंवा शेजारी आणखी तीन भेळेचे स्टॉल लागले, आणि सत्तरच प्लेट खपल्या. गल्ला १,४०० चा, कमाई अवघी २००. विक्री तीस टक्क्यांनी घटली आणि कमाई पाऊण घटली. उरलेल्या तीस प्लेटच्या सामानाचे पैसे आधीच देऊन झालेले असतात. म्हणून मुलांना सांगावं की सामान टप्प्याटप्प्याने कालवा. चिरलेला कांदा परत करता येत नाही, पण बंद पाकिटातलं फरसाण दुकानदाराशी आधी बोलून ठेवलं तर परत जातं.

याहून मोठी गफलत पालकांच्या सामानाची. अनेक ठिकाणी सगळं सामान आई घरून देते, पहाटे उठून इडल्याही तीच करते, आणि विक्रीचे पूर्ण पैसे ‘कमाई’ म्हणून पथकात जमा होतात. त्या पैशात मुलाची मेहनत कितीशी असते? सामानाचे पैसे आईला परत द्यायला हवेत. निदान वहीत खर्च म्हणून दाखवायला हवेत आणि मग उरलेली रक्कम कमाई म्हणावी. ती कमी दिसेल. पण ती मुलाची असेल.

मी पाहिलेल्या एका शाळेत स्टॉल बंद झाल्यावर एका संघाची हिशेबनीस, सातवीतली मुलगी, पायरीवर वही मांडीवर घेऊन बसली होती. पेटीतली रोकड मोजली, सुट्या नाण्यांचे दहा-दहाचे गठ्ठे लावले, वहीतल्या विक्रीच्या खुणा मोजल्या. चाळीस रुपये कमी भरत होते. दोघीतिघींनी खिशातून भरून टाकू म्हटलं. ती ऐकेना. तिने प्रत्येकीला, दुपारपासून काय काय आणलं, हे क्रमाने विचारलं. अर्ध्या तासाने उलगडा झाला. लिंबं संपली म्हणून एकीने पेटीतले चाळीस घेऊन कोपऱ्यावरून लिंबं आणली होती आणि लिहायचं राहिलं होतं. तिने तारीख टाकून, ‘लिंबू, ४०, पावती नाही’ असं लिहिलं, आणलेल्या मुलीची सही घेतली आणि मगच वही मिटली. हिशेबाचं शिक्षण म्हणतात ते हे.

अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्सनी याच वाटेने एक प्रचंड व्यवहार उभा केला. १९१७ साली ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावातल्या एका पथकाने बिस्किटं भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकली. १९२२ मध्ये त्यांच्या मासिकात एक पाककृती छापून आली. सोबत हिशेबही दिला होता. सहा-सात डझन बिस्किटांच्या सामानाला २६ ते ३६ सेंट पडतील, आणि डझन २५-३० सेंटला विकता येईल. पाककृतीच्या शेजारी उत्पादन खर्च आणि विक्रीची किंमत छापण्याची ही पद्धत मला फार आवडते. १९३० च्या दशकात मागणी इतकी वाढली की बिस्किटं व्यावसायिक बेकऱ्यांकडून करून घ्यायला सुरुवात झाली. आज तिथल्या मुली कारखान्यात बनलेली खोकी विकतात. विक्रीकौशल्य त्यातून येतं, यात शंका नाही. पण पीठ मळणाऱ्या मुलीला खर्चाचा जो अंदाज येतो तो खोकं विकून येत नाही. आपल्याकडे खरी कमाई अजून मुलांच्या हातातली आहे, ती तशीच राहावी.

स्टॉलशिवायही वाटा आहेत, आणि काही जास्त किफायतशीर आहेत. रद्दी गोळा करण्यात भांडवल शून्य, उरण्याची भीती नाही. सोसायटीच्या सूचनाफलकावर आठवडाभर आधी चिठ्ठी लावायची, रविवारी सकाळी दोघादोघांनी जिने चढायचे, आणि रद्दीवाल्याकडे वजनकाट्यासमोर एकाने उभं राहून आकडा लिहून घ्यायचा. दिवाळीआधी पणत्या रंगवणं, आकाशकंदील करणं, उटण्याच्या पुड्या भरणं. यांत कौशल्याला किंमत मिळते. वर्षभरात असे दोन-तीनच उपक्रम घ्यावेत. दर महिन्याला काहीतरी विकायला येणाऱ्या मुलांना लोक दार उघडेनासे होतात, आणि पथकाचं मूळ काम बाजूला पडतं. घरोघर जायचं असेल तर ओळखीच्याच वस्तीत, कधीही एकट्याने नाही, अंधार पडायच्या आत आणि कुठल्या इमारतीत कोण गेलंय याची यादी शिक्षकांजवळ ठेवून. ब्रिटनमध्ये ही प्रथा का थांबली हे लक्षात घेतलं तर यात ढिलाई करता येत नाही.

देणग्यांचा भाग मोठ्यांचा आहे, कारण तिथे कायदा येतो. गणेशोत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, हे आपल्याला माहीत असतं. त्याच राज्यात स्काऊट पथकाने स्वतःची पावतीपुस्तकं छापून बाजारपेठेत फिरणं योग्य नव्हे. देणगी शाळेच्या संस्थेमार्फत किंवा जिल्हा संस्थेमार्फत, त्यांच्या अधिकृत पावतीवर घ्यावी. देणगीदाराला प्राप्तिकरात देणगीची सवलत हवी असेल, तर पावती देणाऱ्या संस्थेकडे तशी नोंदणी असावी लागते. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा बँकेमार्फतच घ्यावी. नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ही सवलत नाहीच, तेव्हा तिचं आमिष दाखवू नये. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडेही पुष्कळ जण आशेने बघतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. पण हा निधी घेणाऱ्या संस्थेला सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते. एका शाळेच्या पथकासाठी तो रस्ता लांबचा आहे. गावातल्या कंत्राटदाराने मंडपाचं जुनं पण धड कापड दिलं, हार्डवेअरवाल्याने दोराचं बंडल खरेदीच्या भावात दिलं, तर पथकाचं काम त्याहून लवकर होतं.

पैसा जमला की तो राहतो कुठे, हे आजकाल जास्त महत्त्वाचं झालंय. स्टॉलवर आता सगळ्यांना मोबाइलवरून पैसे द्यायचे असतात, आणि सोय म्हणून कुणातरी सरांच्या खात्याचा क्यूआर कोड टेबलावर चिकटवला जातो. हे अजिबात करू नये. सरांचा हेतू कितीही निर्मळ असला तरी पथकाचा पैसा त्यांच्या पगारात आणि घरखर्चात मिसळतो, आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर त्यांच्याजवळ दाखवायला काही राहत नाही. खातं शाळेचं किंवा पथकाचं, आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या, हा नियम शिक्षकाच्या अब्रूचंच रक्षण करतो. रोजकीर्दीत रोज लिहावं, पावतीपुस्तकावर अनुक्रमांक असावेत, फाटलेली पावतीही पुस्तकातच ठेवावी, आणि महिन्यातून एकदा रोकड, बँक आणि वही यांचा मेळ मानसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. आपल्या शाळांमध्ये संचयिकेची, म्हणजे शाळेतल्या बचत बँकेची, परंपरा होतीच. मुलंच रोखपाल, मुलंच कारकून, आणि १५ सप्टेंबरला संचयिका दिन. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवण्याची मुभा दिलेली आहे. स्काऊट-गाईड विभागात प्रवेशाचं वयही दहाच आहे. म्हणजे बँक ज्या मुलावर विश्वास टाकते, त्याला पथकाच्या वहीत एक ओळ लिहू न देणं आपल्याला शोभत नाही.

आणि पुन्हा फीकडे येतो, कारण या सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग तिथे आहे. नऊशे साठ रुपये हा काही घरांत किरकोळ आकडा असतो आणि काही घरांत आठवड्याचा किराणा. ज्या मुलाला जमत नाही तो तसं कधीच सांगत नाही. ‘माझी मावशी येणार आहे’ किंवा ‘आई नको म्हणते’ असं सांगून तो शिबिरातून गळतो, आणि आपण नोंदीत ‘अनुपस्थित’ लिहितो. गणवेशाचंही तसंच. स्कार्फ, टोपी, पट्टा, बूट धरून होणारा खर्च अनेकांना झेपत नाही. यावर दोन साधे उपाय आहेत. दहावी झालेल्या मुलांचे गणवेश धुऊन, इस्त्री करून, मापांप्रमाणे कपाटात ठेवायचे आणि लागेल त्याला द्यायचे. कोणी नेला याची नोंद फक्त शिक्षकांच्या वहीत. दुसरं, खरी कमाईतला ठरावीक वाटा, समजा एक तृतीयांश, शिबिराच्या फीसाठी राखून ठेवायचा, आणि नोटिशीतच लिहायचं की फी ९६० आहे, जमेल तेवढी पाकिटात घालून द्या, उरलेली पथक भरेल. पाकीट बंद, वर फक्त मुलाचं नाव, उघडणारी व्यक्ती एकच. काही पालक जास्तही घालतात. हा पैसा मुलांनी स्वतः मिळवलेला असतो, म्हणून घेणाऱ्याला तो उपकार वाटत नाही. त्यानेही भेळ कालवलेली असते.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. खरी कमाईच्या दिवसांत गळ्यात स्कार्फ घातलेली मुलं तुमच्या दारी येतील, तेव्हा दहा-वीस रुपये हातावर ठेवून त्यांना वाटेला लावू नका. माळ्यावरची पुस्तकं उतरवून घ्या, खिडक्यांच्या जाळ्या पुसून घ्या, कुंड्या हलवून घ्या. काम नीट झालं नसेल तर पुन्हा करायला सांगा. झाल्यावर ठरलेले पैसे द्या, आणि त्यांच्याकडून पावती अवश्य मागून घ्या.